किल्लेदार करंजगावकरांचं गोत्र

माझ्या धंद्याला नीटसं नाव नाही. तोंडावर लोक मला मामा म्हणत, आणि पाठीमागे जे म्हणत ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही. बेंगळुरातल्या मराठी घरांच्या सोयरिकी जुळवणं हे माझं काम. किती जुळवल्या ते मोजलं नाही, पण चामराजपेटेतून बसवनगुडीपर्यंत चालत गेलो तर निदान चार घरी काफी घ्यावी लागते आणि दोन घरं टाळावी लागतात. टाळावी लागतात ती घरंही मीच जुळवलेली.

बाहेरच्यांना वाटतं, सोयरीक जुळवणारा म्हणजे पत्रिका घेऊन हिंडणारा. पत्रिकेचं काम जोशीबुवांचं. माझं काम त्याच्या आधीचं, म्हणजे कोण कुणाचा आहे ते शोधून काढायचं. पुण्या-साताऱ्याकडे ते दारावरची पाटी वाचून कळतं. बेंगळुरात पाटी वाचून फक्त एवढंच कळतं की आत कुणीतरी राव राहतात.

आमची इथली जुनी मराठी घरं तीनेकशे वर्षांपूर्वी फौजांबरोबर इकडे आली. कुणाचा पूर्वज घोड्यावरून आला, कुणाचा घोड्यामागून चालत. आज मात्र ज्याला विचाराल त्याचा पूर्वज घोड्यावरच असतो. इथल्या पाण्यात हळूहळू आमची आडनावं विरघळली. उरलं काय, तर पुढे एक इंग्रजी अक्षर आणि मागे राव. ते अक्षर गावाचं असतं, बापाचं असतं, आणि क्वचित आडनावाचंही असतं. कशाचं ते घरातल्या कर्त्या पुरुषालाही सांगता येईल अशी खात्री नाही.

एकदा पुण्याहून एक गृहस्थ मुलगा बघायला आले होते. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "आपलं आडनाव?"

यजमान म्हणाले, "राव."

"ते झालं हो, पण आडनाव?"

"तेच की. राव."

"मघाशी स्टेशनवर उतरवून घ्यायला आले होते तेही राव. शेजारचे डॉक्टर राव. आत्ता जिन्यात भेटले तेही राव. म्हणजे सगळे आपले भाऊबंद का?"

"छे छे! जिन्यातला तो भाडेकरू. तीन महिने भाडं दिलेलं नाही त्यानं. तो आमचा कसा असेल?"

पुण्याचे गृहस्थ संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

अशा ठिकाणी माझी गरज लागे. आमच्याकडे आडनाव घराबाहेर येतं ते तीन वेळा. लग्नपत्रिका छापताना, श्राद्धाला आणि भावाभावांच्या भांडणात. त्यातलं भांडण सगळ्यात भरवशाचं, पण मुहूर्त काढून भांडण लावता येत नाही. म्हणून मी सरळ आडनाव कधी विचारत नसे. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसे आणि विचारी, अक्का, नवरात्रात देवीवर कडाकण्या बांधता का? चातुर्मासात वांगी खाता? चंपाषष्ठीला भरीत-रोडगा करता? वांगी चंपाषष्ठीपर्यंत वर्ज्य म्हणजे खंडोबाचं घर. कडाकण्या म्हणजे कृष्णेच्या, भीमेच्या बाजूचं. पुरुषांना विचारलं की ते लढाया सांगत. बायका नैवेद्य सांगत, आणि नैवेद्यावरून मी गाव गाठी. गाव मिळालं की त्याला कर लावायचा. पुष्कळदा आडनाव तेवढ्यानंच सापडे.

माझं स्वतःचं आडनाव? मी टी. नारायणराव. टी म्हणजे तुमकूर, कारण वडिलांची तिथे नोकरी होती. आई मी पाळण्यात असताना गेली. घरात दुसरी बाईमाणूस नव्हती, त्यामुळे कडाकण्यांचं विचारायला कुणी उरलंच नाही. वडिलांना विचारलं की ते म्हणत, "गोत्तिल्ला रे," म्हणजे ठाऊक नाही, आणि पेपर वर धरत. ज्याला स्वतःचं घराणं सांगता येत नाही त्याला मुलगी कोण देणार? मी तर स्वतःलाही दिली नसती. जाऊ दे. किल्लेदाराची गोष्ट सांगायची आहे.

चामराजपेटेत के. वेंकटराव म्हणून सरकारी नोकरीतले गृहस्थ होते. सगळे त्यांना वेंकटण्णा म्हणत. त्यांची मुलगी पद्मा, प्राथमिक शाळेत शिक्षिका. बोलायला चुरचुरीत, पण मनाची अगदी मऊ. येलहंक्याला एक निवृत्त स्टेशनमास्तर होते, त्यांना सगळे मोठे अण्णा म्हणत. त्यांचा नातू राघवेंद्र विमानांच्या कारखान्यात लागला होता. मुलामुलीनं एकमेकांना पाहिलं आणि दोघंही इतके गप्प बसले की मी तिथेच ओळखलं, जमलं.

पण मोठ्या अण्णांना घराणं हवं होतं. उभा जन्म लाल-हिरवं निशाण दाखवण्यात गेलेला माणूस. मागचा डबा दिसल्याशिवाय गाडी गेली असं मानायची त्यांना सवय नव्हती. मी कामाला लागलो. वेंकटण्णांना वाटे की आपलं के म्हणजे कोलार. त्यांच्या एका म्हाताऱ्या आत्याला मल्लेश्वरात जाऊन गाठलं. तिला दिवस-वार आठवत नव्हता, पण तिची आई कडाकण्या बांधताना मुलांना दटावत असे ते आठवलं. "शिवू नका रे, करंजगावची देवी रागावेल." बस्स! के म्हणजे कोलार नव्हे. करंजगावकर!

मोठ्या अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि सुपारी फुटली. वेंकटण्णांना तर आनंद मावेना. त्यांनी ॲव्हेन्यू रोडवरून पितळी पाटी करून आणली, 'के. वेंकटराव करंजगावकर', आणि रोज चिंच लावून घासायला लागले. पन्नाशी उलटल्यावर माणसाला आडनाव मिळालं की असं होतं. लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं.

मग गणपती आले. आमच्या मंडळात दर वर्षी नाटक होई आणि ते शामराव लिहीत. शामराव टपाल खात्यात कारकून, स्वभावानं गरीब, पण हातात लेखणी आली की माणसं मारायला मागेपुढे पाहत नसत. त्या वर्षी त्यांनी ऐतिहासिक लिहिलं. किल्ला देवनहळ्ळीचा, काळ कुठला ते लेखकालाही सांगता येत नव्हतं. भाड्यानं आणलेल्या पडद्यावर कारंजं आणि दोन मोर होते, तोच किल्ला म्हणून समजून घ्यायचा होता.

पहिल्या रांगेत मोठे अण्णा, त्यांच्या शेजारी व्याही म्हणून वेंकटण्णा, मागे मी. दुसऱ्या अंकात मिशीवाला किल्लेदार येतो, मोहरांची थैली घेतो, "येळकोट येळकोट" म्हणून खंडोबाला हात जोडतो आणि किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून देतो. तेवढ्यात नायक ओरडतो, "फितुरा! दौलतराव करंजगावकरा! तुझ्या कुळाला हा डाग सात पिढ्या पुसता येणार नाही!"

सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. मोठे अण्णा उठले, उपरणं झटकलं आणि निघून गेले. वेंकटण्णा समोरच्या मोरांकडे बघत बसले. घरी गेल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते पितळी पाटीवर पंचा टाकण्याचं.

दुसऱ्या दिवशी मी येलहंक्याला गेलो.

"मामा, तो किल्लेदार या लोकांचा कोण?" मोठ्या अण्णांनी बसायलाही न सांगता विचारलं.

"अण्णा, तो नाटकातला आहे हो."

"ते मला कळत नाही? मी काय खुळा आहे? माणूस नाटकातला. पण आडनाव? ते नाटकातलं आहे का?"

"नाही. ते खरं आहे. मीच शोधलं."

"मग! आडनाव खरं तर मागे घराणं आलं. घराणं आलं तर भाऊबंदकी आली. उद्या मांडवात कुणी म्हटलं, हीच ती दरवाजा उघडणाऱ्यांची पोर, तर मी काय तोंड दाखवू? तो यांच्यातला नाही असं दाखवा. तोवर सिग्नल पडणार नाही."

मी पस्तीस वर्षं हा धंदा केला, पण जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याचं घराणं शोधण्याचं काम एवढं एकदाच आलं. मला हसू येत होतं. पण परत येताना पद्मा शाळेच्या फाटकाशी उभी दिसली आणि हसू गेलं. डोळे रडून सुजलेले होते.

"मामा, माझं लग्न त्यानं मोडायचं? त्याला धड तलवारही धरता येत नव्हती."

"मोडत नाही गं."

"बाबा जेवले नाहीत. पाटीवरचा पंचाही काढत नाहीत. आणि यांनी निरोप पाठवलाय, आजोबांच्या शब्दाबाहेर जाता येत नाही म्हणून. मामा, मला दुसरा मुलगा नकोय. स्वल्प लवकर करा काहीतरी."

मी तडक शामरावांकडे गेलो. ते जेवत होते. मुलीच्या बापाला विचारतो तसंच त्यांना विचारायला लागलो.

"तुमच्या किल्लेदाराचं कुलदैवत?"

"कुणाचं?" शामरावांचा घास हातात राहिला.

"दौलतराव करंजगावकर. येळकोट म्हणाला, म्हणजे खंडोबा. बरोबर ना?"

"नाही हो, तिथे जरा जोरदार काही हवं होतं म्हणून."

"खंडोबा. गोत्र?"

"अहो मामा, तो तिसऱ्या अंकात मरतो. त्याला गोत्र कशाला?"

"मरतो म्हणूनच हवं. हे आडनाव तुम्हाला मिळालं कुठे?"

शामराव ओशाळले. रोज कचेरीला जाताना एका घराची चकचकीत पितळी पाटी दिसे. आडनाव भारदस्त वाटलं. आपल्यात असं पूर्ण आडनाव कोण लावतो? कुणीतरी नवा भाडेकरू असेल, महिन्या-दोन महिन्यांत जाईल, असं समजून त्यांनी ते उचललं होतं. दुसरं नाव घाला म्हटलं तर म्हणाले, "मामा, नाटक झालं की. आता मांडवभर लोकांच्या कानातून ते परत कसं काढू?"

खरं होतं. मग मी माझ्या पद्धतीनं निकाल लावला. करंजगावं एकाहून जास्त आहेत. वेंकटण्णांचं भीमेच्या बाजूचं, घरात देवी आणि कडाकण्या. किल्लेदाराच्या तोंडी खंडोबा, तेव्हा तो गोदेकडच्या करंजगावचा. वेंकटण्णांचं गोत्र भारद्वाज. किल्लेदाराचं कुणालाच ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेल्याला शास्त्रानं काश्यप दिलेलं आहे. गाव वेगळं, दैवत वेगळं, गोत्र वेगळं. शिवाय वर कळस म्हणून मी ठरवलं की त्याला मूलबाळ नव्हतं. वंशच नाही म्हटल्यावर डाग लागणार कुणाला? इतकं सफाईदार काम मी जिवंत माणसांचंही केलं नव्हतं. स्वतःवर फार खूश होऊन मी येलहंक्याला गेलो.

मोठ्या अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं. गाव पटलं. दैवत पटलं. काश्यपला मान डोलली. मी शेवटचं वाक्य टाकलं, "आणि अण्णा, निर्वंश गेला तो."

अण्णा ताठ झाले.

"निर्वंश? म्हणजे त्याचं श्राद्ध कोण करतं?"

"अण्णा, तो..."

"पितृपंधरवडा चालू आहे, मामा! दरवाजा उघडून मेला, सगळ्यांचे शाप घेऊन मेला आणि वर पाणी द्यायला कुणी नाही. असला अतृप्त जीव त्या आडनावाभोवती घिरट्या घालणार. मी त्या घरची मुलगी आणायची? अय्यो! आधी त्याची सोय लावा."

म्हणजे मी होतो त्याच्याही मागे जाऊन पडलो. वेंकटण्णा ऐकेनात. "मी पाणी दिलं तर तो माझा झाला की! तो आपला नव्हे म्हणून तुम्हीच सांगून आलात ना?" शामरावांना म्हटलं, तुम्ही त्याचे जन्मदाते, तुम्ही द्या. ते तयार होत होते, तोच त्यांची बायको आतून बाहेर आली. "घरात दोन लेकरं हिंडताहेत. बापाच्या हातून मुलाचं श्राद्ध? आणि हा मुलगा तुम्हाला झाला कधी? मला तर कळलं नाही." किल्लेदाराचं काम करणारे गृहस्थ म्हणाले, मी त्या रात्री मेलो तेवढं पुरे.

राहिलो मी. ना पुढे कुणी, ना मागे कुणी. मी पाणी दिल्यानं कुणाच्या कुळाला बाधा येणार नव्हती. मोठ्या अण्णांना विचारलं, ते म्हणाले, "चालेल. पण मी समोर असणार."

सर्वपित्रीला वेंकटण्णांच्या परसात आम्ही जमलो. वेंकटण्णांनी जागा द्यायला कबुली दिली होती, पण संबंध नाही हे दिसावं म्हणून ते पाठ करून दूर उभे होते. अण्णा घरचं श्राद्ध मुलावर सोपवून पहिल्या गाडीनं आले होते. शामराव अपराध्यासारखे तुळशीपाशी. भटजींनी विचारलं, "नाव?"

"दौलतराव."

"गोत्र?"

"काश्यप."

"तुमचं नातं काय?"

मी म्हटलं, "आप्त." खरं सांगायचं तर इतके दिवस त्याच्या मागे हिंडून तो मला तसा वाटायलाही लागला होता. मी ओंजळीनं तिळाचं पाणी सोडलं, पान भिंतीवर नेऊन ठेवलं आणि हात जोडून मागे सरलो.

कावळे होते, पण पानाला एकही शिवेना. शेजारच्या नारळावर बसून सगळे बघत होते. भात, वरण, वडे, खीर सगळं होतं. ऊन चढलं. भटजींना पुढच्या घरी जायचं होतं.

"मन अडकलंय त्याचं," अण्णा म्हणाले. "बोला कुणीतरी."

शामराव पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "दौलतराव, पुढच्या वर्षी दरवाजा बंद ठेवायला लावतो. लढून मराल, शपथ." कावळा हलला नाही.

मी म्हटलं, "दर वर्षी पाणी देईन." कावळ्यानं दुसरीकडे तोंड केलं.

अण्णांनी घसा खाकरला. "मोहरांचं मनावर घेऊ नका. पगार वेळेवर मिळत नसेल." तरीही नाही.

स्वयंपाकघराच्या दारात पद्मा उभी होती. तिची आई भिंतीला टेकून डोळ्याला पदर लावत होती. कावळा शिवला नाही तर काय होणार हे सगळ्यांना कळत होतं. तेव्हा वेंकटण्णा वळले. तरातरा भिंतीपाशी आले आणि त्या रिकाम्या भिंतीवर ओरडलेच.

"काय पाहिजे तुला? मी तुला आमचा नाही म्हटलं, त्याचा राग आला? अरे, पन्नास वर्षं मलाही आडनाव नव्हतं. माहीत आहे मला कसं वाटतं ते. सरी, बरं तर! आमचाच तू. कुठल्या का करंजगावचा असेनास. चूक केलीस, कोण करत नाही? जेव आता!"

त्यांचा आवाज फाटला. कावळा उतरला, वडा उचलला आणि उडाला.

कावळा ओरडण्यानं बिचकून उतरला की भुकेनं, ते मला विचारू नका. मी अण्णांकडे बघत होतो. इतके दिवस खपून जे नातं मी तोडलं होतं ते वेंकटण्णांनी एका दमात जोडलं होतं. लग्न आता मोडणार असं माझ्या मनानं घेतलं. पद्माही कोमेजून उभी होती.

अण्णा उठले. पंच्यानं डोळे पुसले. "व्याहीबुवा," ते म्हणाले, "ज्याला कुणी नाही, त्याचा असला डाग सोसून तुम्ही त्याला आपलं म्हटलंत. माझी नातसून होणारी मुलगी अशा घरात वाढली. मला आणखी काय घराणं बघायचं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मामा, सोडा गाडी."

लग्न ठरल्या दिवशी झालं. पाटीवरचा पंचा सर्वपित्रीलाच निघाला होता. शामरावांनी शब्द पाळला. पुढच्या वर्षी किल्लेदारानं दरवाजा बंद ठेवला, त्यामुळे शत्रूला आत येता येईना आणि तिसरा अंक सुरूच होईना. लोकांनी खुर्च्या वाजवल्या. पण पहिल्या रांगेत वेंकटण्णा आणि मोठे अण्णा उभं राहून टाळ्या वाजवत होते.

मी दर सर्वपित्रीला पद्माकडे जाऊन दौलतरावांना पाणी देतो, आजही. वेंकटण्णा गेले, अण्णा गेले. पाटी पद्मानं माहेराहून आणून आपल्या दिवाणखान्यात लावली आहे. यंदा पाणी देऊन झाल्यावर मी तिला म्हटलं, "दिवाळी अंकाच्या संपादकांनी हा लेख मागितलाय. खाली पूर्ण नाव लिहा म्हणतात. टी. नारायणरावच्या पुढे काय लिहू?"

तिनं माझ्या हातातली लेखणी घेतली आणि शेवटच्या पानावर खाली लिहिलं. मी चष्मा पुसून वाचलं.

"अगं पद्मा, वेड लागलं का? मी धंदेवाला माणूस. गाव नाही, दैवत नाही, याला पुरावा काय?"

लेखणीचं टोपण लावत ती म्हणाली, "दौलतरावांना कुठे होता?"

टी. नारायणराव करंजगावकर